स्कॉट्स भाषेतला 'म्यूर' म्हणजे नेमकी कोणती जमीन?

डोंगरवाटा:

नमस्कार मंडळी. स्कॉटलंडमधल्या पायी भटकंतीची एक मार्गदर्शिका मराठीत आणायचं काम हातात आहे. त्यात 'म्यूर' हा शब्द पावलोपावली येतो. कोशात बघितलं तर 'इंग्रजी मूरचं स्कॉट्स रूप, उघडी पडीक जमीन' एवढ्यावर बोळवण. पण मजकुरात एका पानावर म्यूरवर लढाई होते, दुसऱ्यावर गुरांचा बाजार भरतो, तिसऱ्यावर म्यूर जाळायचा हंगाम सांगितलाय आणि चौथ्यावर म्यूर म्हणजे चक्क एडिंबरा शहरातली वस्ती. त्यात भर म्हणून शेजारीच 'मॉस' आणि 'हिल' हे शब्द येतात, आणि हिल म्हटलेली जागा बऱ्याचदा सपाट असते. नकाशात 'रॅनख मूर' आहे, पण 'शेरिफम्यूर'. हा फरक कशाचा? सरसकट 'माळरान' लिहून मोकळं व्हावं का?

टोमणेबाज:

शीर्षक घाईत 'मयूर' वाचलं. पिसारा बघायला आलो तर इथे पडीक जमीन.

कोशातला_किडा:

आधी उच्चार घेऊ, अर्धा गोंधळ तिथलाच आहे. आडनाव आणि बहुतेक गावांची नावं आज 'म्यूर' अशीच म्हणतात, पण तो स्पेलिंग बघून रुळलेला उच्चार आहे. खऱ्या स्कॉट्स बोलीत हा शब्द 'पुइर' (गरीब) आणि 'फ्लुइर' (फरशी) यांच्या कुटुंबातला. यातला जुना स्वर म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला 'ए'. मध्य आणि दक्षिण भागात ओठांची गोलाई गेली आणि 'मेर' उरला. ईशान्येला, ॲबर्डीनच्या बाजूला, त्याचा 'मीर' झाला, जसा फरशीचा 'फ्लीर'. सीमाभागातल्या हॉइक गावात जूनमध्ये कॉमन रायडिंग असतं, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या हद्दीवरून घोडे फिरवायचा उत्सव. त्यातल्या शर्यती ज्या माळावर होतात त्याला नकाशात 'हॉइक मूर' म्हणतात आणि गावकरी 'द मेर'. दोन्ही एकच.

मूर आणि म्यूर यांत अर्थाचा फरक नाही, भाषेचा आहे. दक्षिण आणि पूर्वेच्या सखल भागात लोक स्कॉट्स बोलत, तिथे म्यूर टिकला. डोंगराळ वायव्य भागात गेलिक बोलत. तिथल्या नावांचं नकाशासाठी भाषांतर झालं ते इंग्रजीत, म्हणून 'रॅनख मूर'. गेलिकमध्ये तो 'मोइनत्याख', म्हणजे पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची) दलदलीची जमीन.

स्कॉट्सचे दोन मोठे कोश आहेत. सन १७०० पर्यंतच्या भाषेचा बारा खंडांचा, तो २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यापुढच्या काळाचा दहा खंडांचा, १९३१ ते १९७६. २००४ पासून दोन्ही एकत्र ऑनलाइन आहेत आणि फुकट आहेत. जुन्या दस्तातला शब्द शोधताना एम-यू-आर-ई हे स्पेलिंगही टाकून बघा, नाहीतर अर्धी उदाहरणं सापडत नाहीत.

रानजाई:

अर्थाचं मी सांगते. म्यूर म्हणजे हेदरची जमीन. आम्ल माती, वर पीटचा थर, आणि त्यावर कॅलुना व्हल्गारिस हे गुडघ्याएवढं काटक झुडूप. ऑगस्टमध्ये जांभळं होतं ते हेच. कोरड्या उतारावर बेल हेदर, ओलीवर क्रॉस-लीव्ह्ड हीथ, मधूनमधून ब्लेबेरी. झाडं नाहीत, कारण मेंढ्या आणि हरणं रोपं उगवू देत नाहीत आणि वरून जाळपोळ. त्यामुळे 'माळरान' लिहिलं तर आपल्याकडच्या वाचकाला गवताळ, कोरडा, सोलापूर-नगरकडचा माळ दिसेल. तो चुकीचा. 'झुडपी पठार' जास्त जवळचं.

सर्व्हे_नंबर:

रानजाई, वनस्पतीशास्त्राच्या अंगाने बरोबर आहे, पण शब्दाच्या अंगाने उलट. म्यूर हा मुळात जमिनीच्या वापराचा शब्द आहे, झुडपाचा नाही. ज्याला कुंपण नाही, जी नांगरलेली नाही, जिथे चराई, इंधन आणि छपरासाठी टर्फ (मुळांसकट गवताचा थर) काढायचा हक्क आहे, ती जमीन म्यूर. वर हेदर असेल, गवत असेल, कधी झाडंसुद्धा.

एडिंबराचंच उदाहरण घ्या. शहराच्या दक्षिणेला 'बरो म्यूर' होता, म्हणजे नगराच्या मालकीची सामाईक जमीन. तिथे जुनं ओकचं रान होतं. राजा चौथा जेम्स याने १५०८ मध्ये नगराला ही जमीन कायमच्या खंडाने देण्याची परवानगी दिली, मग झाडं तोडली गेली, तुकडे पडले. सोळाव्या शतकात प्लेगचे रोगी शहराबाहेर ठेवायची जागाही तीच. आज तिथे दगडी घरांच्या रांगा आहेत, जवळच बरोम्यूर नावाची शाळा आहे, आणि मोकळा उरलाय तो ब्रंट्सफील्ड लिंक्सचा हिरवा तुकडा. ओकचं रान असतानाही तो म्यूर होता, आणि नावापुरता आजही आहे. हेदरचा संबंध कुठे आला?

गावांच्या सामाईक जमिनींना कायद्यात 'कॉमन्टी' म्हणत. १६९५ च्या कायद्याने अशा जमिनीचा कोणीही एक हिस्सेदार कोर्टात जाऊन वाटणी मागू शकत असे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बहुतेक कॉमन्टी अशाच वाटल्या गेल्या. बांध आले, चुना टाकून नांगरट झाली आणि नाव तेवढं मागे राहिलं. म्हणून म्यूरहेड, म्यूरटन, म्यूरहाउस या नावाच्या ठिकाणी आज गव्हाची शेतं किंवा सरकारी घरांच्या वसाहती दिसतात. नाव वाचून तिथे हेदरचे फोटो काढायला जाऊ नका.

अण्णा_फलटणकर:

म्हणजे आपलं गायरानच की. सामाईक, चराईचं, आणि शेवटी वाटून घेतलेलं. 😀

सर्व्हे_नंबर:

बरो म्यूरसाठी 'गायरान' खरंच चपखल आहे, अण्णा, मी तोच शब्द सुचवणार होतो. फरक एवढाच की आपलं गायरान सरकारच्या नावावर असतं, तिकडची कॉमन्टी आसपासच्या जमीनमालकांच्या सामाईक मालकीची होती. कुळांना हक्क होते पण वाटणीत हिस्सा नाही. वाटणी मागणारा मालक, जमीन मिळणारा मालक. कुळाची गाय कुठे चरणार हा प्रश्न कोर्टासमोर नव्हताच.

कोणी किती जनावरं सोडायची याचं माप होतं, त्याला 'सूम' म्हणतात. एक सूम म्हणजे ढोबळमानाने एका गाईचा चारा. गाईऐवजी किती मेंढ्या धरायच्या हे गावागणिक वेगळं. हा शब्द मेलेला नाही, डोंगराळ भागात क्रॉफ्टर लोकांच्या (छोट्या तुकड्यांवर शेती करणाऱ्या कुळांच्या) सामाईक चराईच्या नोंदीत आजही 'सूमिंग' असं लिहितात. मार्गदर्शिकेत आला तर 'चराईचा वाटा' लिहा.

रानजाई:

जुन्या कागदांत असेल तसं. पण आज कोणी 'म्यूर' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर हेदरच येतं, आणि अनुवाद आजच्या वाचकासाठी आहे.

कोशातला_किडा:

आज म्हणतंय कोण पण? मेंढपाळ, शिकाररक्षक, भटके हे सगळे बोलताना 'द हिल' म्हणतात. मेंढ्या हिलवर आहेत, तो हिलवर गेलाय. उंची शंभर मीटर असो वा हजार, वरच्या बांधापलीकडची सगळी उघडी जमीन म्हणजे हिल. त्या बांधाला 'हेड डाइक' म्हणतात, आतली शेती ती 'इनबाय'. म्यूर हा सुटा शब्द रोजच्या बोलण्यातून बराच मागे हटलाय. तो टिकलाय गावांच्या नावांत, आडनावांत आणि जोडशब्दांत. लाल ग्राउस पक्षी म्हणजे 'म्यूरफाउल', नर 'म्यूरकॉक', पिल्लू 'म्यूरपाउट'. गोचिडीमुळे गुरांना होणारा रक्तलघवीचा ताप म्हणजे 'म्यूर-इल'. 'म्यूरफाउल्स एग' नावाचं जुनं नाशपातीचं वाणसुद्धा आहे. आणि सगळ्यांत जिवंत जोडशब्द 'म्यूरबर्न', कारण तो कायद्यात बसलाय.

डोंगरवाटा:

हिलचं कोडं सुटलं, धन्यवाद. म्हणजे 'हिल'ला दरवेळी 'डोंगर' लिहायचं नाही. आता मॉस आणि म्यूर यातली हद्द कुठे? आणि म्यूरबर्नबद्दल कोणी तपशिलात लिहील का? मार्गदर्शिकेत 'मार्च-एप्रिलमध्ये धूर दिसला तर घाबरू नका' एवढंच वाक्य आहे.

कुदळ_फावडं:

मॉस म्हणजे जिथून पीट कापतात ती ओली जमीन. म्यूरवर चालता येतं, मॉसमध्ये पाय जातो. एकाच उघड्या पठारावर उंचवटे म्यूर आणि खोलगट भाग मॉस असं मिश्रण असतं, म्हणून जुन्या दस्तात 'म्यूर अँड मॉस' अशी जोडी येते.

पीट कापायची पद्धत थोडक्यात. वरचा हेदर-गवताचा थर 'फ्लॉख्टर स्पेड' नावाच्या रुंद पात्याच्या कुदळीने छातीच्या जोरावर ढकलत सोलायचा. सोललेला थर फेकायचा नाही, आधी कापून झालेल्या खड्ड्याच्या तळाशी हिरवी बाजू वर ठेवून अंथरायचा, नाहीतर उघडा पीट वाळून वाऱ्याने आणि पावसाने धुपतो. मग काटकोनी पात्याच्या अवजाराने विटा कापायच्या. शेटलंडमध्ये त्याला 'टुशकर' म्हणतात. हे काम एप्रिल-मेमध्ये. विटा आधी पसरून, मग चार-पाच एकमेकींना टेकवून उभ्या करून वाळवायच्या. उशीर केला तर पावसाळी उन्हाळ्यात त्या वाळतच नाहीत, आणि एकदा ओल्या गोठल्या की भुगा होतो. पूर्ण वाळलेला पीट मात्र पुन्हा पाणी धरत नाही, म्हणून तो घराबाहेर रचून ठेवता येतो.

पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर साठतो. एक मीटर खोल कापणं म्हणजे हजार वर्षं कापणं.

रॅनख मूरवरून रेल्वे गेली १८९४ मध्ये. तिथे रुळांच्या पायाला तळ लागेना. शेवटी झाडांची मुळं, फांद्यांच्या मोळ्या, माती आणि राख टाकून त्या तरंगत्या थरावर रूळ टाकले. गाडी आजही त्यावरूनच जाते.

धूरकांडी:

म्यूरबर्न. हा वणवा नव्हे. ठरवून, पट्ट्यापट्ट्याने उभं हेदर जाळणं. हेतू दोन: मेंढ्यांना कोवळा चारा आणि ग्राउसना शेंडे. ग्राउसचं मुख्य अन्न हेदरचे कोवळे शेंडे. लपायला मात्र उंच जुनं हेदर लागतं. म्हणून सगळं एकदम न जाळता जवळजवळ वेगवेगळ्या वयाचे तुकडे ठेवतात. विमानातून या डोंगरांवर जे ठिगळांसारखं दिसतं ते हेच.

हेदरच्या चार अवस्था धरतात. पहिली सुमारे सहा वर्षं उगवती, मग पंधरापर्यंत भरती, पंचवीसपर्यंत पोक्त, पुढे उतरती. तेव्हा झुडूप मधून फाकतं आणि फांद्या जमिनीला टेकतात. जाळायचं भरतीच्या अखेरीला, झुडूप वीतभर ते फूटभर असताना. या वयात बुंध्यावरून पुन्हा कोंब फुटतात. म्हातारं जाळलं तर बुंधा मरतो, मग भिस्त फक्त बियांवर, आणि तोवर जागा मोलिनिया गवत किंवा ब्रॅकन नेचा बळकावतो. एकदा ब्रॅकन बसला की तो काढणं हेदर लावण्यापेक्षा अवघड.

प्रत्यक्ष काम असं. पट्टा जास्तीत जास्त तीस मीटर रुंद, कारण दोन्ही कडांना माणसं ठेवून आटोक्यात ठेवता येतो तो एवढाच. आधी वाऱ्याच्या पुढच्या टोकाला जाळरेषा तयार करायची: यंत्राने झुडूप छाटून, किंवा वाऱ्याविरुद्ध हळूहळू उलटी आग लावून काळा पट्टा करून. मग मागच्या टोकाला पेटवायचं, वारा आग पुढे नेतो, काळ्या पट्ट्यावर पोचली की विझते. कडांना दोन-तीन माणसं लांब दांड्याचे झोडपे घेऊन. आता बरेच जण चारचाकीवर टाकी आणि दाबाने धुकं उडवणारा फॉगर ठेवतात.

वारा साधारण ब्युफोर्ट मापावर (वाऱ्याच्या जोराचं माप) तीनचा, एकाच दिशेने स्थिर. अजिबात वारा नसणं हे वादळी वाऱ्याइतकंच वाईट: आग दिशा धरत नाही, एका जागी रेंगाळते आणि बुड भाजते. हवं असतं ते 'थंड जाळणं'. वरचे शेंडे कोरडे, खालचं शेवाळ ओलं किंवा गोठलेलं. नीट जळलेल्या पट्ट्यात काळ्या काटक्या उभ्या राहतात आणि शेवाळाचा थर शाबूत असतो. पांढरी राख आणि उघडी माती दिसली तर समजा आग खोल गेली. पीटला लागली तर ज्वाळा दिसत नाहीत, आतल्या आत धुमसत राहतं, आणि दोन दिवसांनी भलतीकडे बाहेर येतं. म्हणून काम संपल्यावर कडा हाताने चाचपतात. गरम लागली तर पाणी.

पश्चिमघाट:

हे आपल्याकडच्या राबासारखंच झालं की.

धूरकांडी:

नाही. राबात पालापाचोळा, शेण आणून पसरून भाजतात, रोपवाटिकेची जागा तयार करायला. इथे उभी वनस्पती जाळायची आणि तीच परत वाढवायची. कोणी काही पेरत नाही.

पश्चिमघाट:

ठीक. पण पीटमध्ये प्रचंड कार्बन साठलेला असताना असं जाळत राहणं म्हणजे वेडेपणा नाही का? श्रीमंतांच्या शिकारीसाठी अख्खा डोंगर काळा करायचा?

धूरकांडी:

वाद तिथेच आहे. बाजू मांडणारे म्हणतात, सुकं इंधन साठू दिलं तर वसंतात मोठा वणवा लागतो आणि तो पीटसकट सगळं नेतो. विरोधक म्हणतात, जाळण्यामुळेच वरचा थर सुकतो, स्फॅग्नम शेवाळ मरतं आणि वणव्याला आमंत्रण मिळतं. पाणी अडवून पीट ओला ठेवा, प्रश्नच मिटतो. खोल पीटवर मला दुसरी बाजू पटते, पातळ मातीच्या कोरड्या उतारावर पहिली. दोन्ही जमिनींना एकच शब्द वापरल्याने निम्मं भांडण होतं.

२०२४ च्या कायद्याने हीच रेघ ओढली. वन्यजीव व्यवस्थापन आणि म्यूरबर्न असं त्याचं नावच आहे. म्यूरबर्नला परवाना, आणि पीट ४० सेंटिमीटरहून खोल असेल तर ती 'पीटलँड'. तिथे ग्राउससाठी जाळायचा परवाना नाही; वणवा रोखणे, नैसर्गिक अधिवास सुधारणे, संशोधन असे मोजकेच हेतू. खोली मोजतात बारीक सळी टोचून, खालचा कठीण थर लागेपर्यंत, एका ठिकाणी नाही तर ठरावीक अंतरावर पट्टाभर. दगडाला लागून सळी थांबली तर खोली कमी भरते, म्हणून शेजारी पुन्हा टोचायची.

जुना हंगाम १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल होता, जमीनमालकाच्या परवानगीने ३० एप्रिलपर्यंत. नव्या कायद्यात १५ सप्टेंबर ते ३१ मार्च, कारण एप्रिलमध्ये जमिनीवरचे पक्षी घरट्यात असतात. परवान्याची कलमं लागू व्हायची तारीख मात्र पुढे ढकलली गेलीय. त्यामुळे मार्गदर्शिकेतलं 'मार्च-एप्रिल' छापण्याआधी नेचरस्कॉटच्या (स्कॉटलंडची सरकारी निसर्गसंस्था) साइटवर ताजी स्थिती तपासा. रात्री जाळायला १९४६ च्या कायद्यापासूनच बंदी आहे: सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास. म्हणजे मध्यरात्री ज्वाळा दिसल्या तर तो म्यूरबर्न नाही, अग्निशामक दलाला फोन करायची वेळ आहे. हे वाक्य मात्र जरूर घाला.

टोमणेबाज:

धूर दिसला तर घाबरू नका, रात्री दिसला तर घाबरा. पुणे महापालिकेच्या कचरा डेपोलाही लागू.

तलवारबाज:

लढायांचं कोणी लिहिलं नाही. टिपरम्यूर १६४४, शेरिफम्यूर १७१५, फॉलकर्क म्यूर आणि कलोडन १७४६. योगायोग नाही. दोन सैन्यं रांगेत उभी करायला बांध-कुंपण नसलेली, पीक नसलेली जागा लागते, आणि ती सामाईक असल्याने सैनिकी हजेरीही तिथेच भरे.

म्यूर कसा आहे यावर निकालही फिरतो. शेरिफम्यूरला जमीन मधे फुगलेली आहे. दोन्ही सैन्यांना एकमेकांची पूर्ण रांग दिसत नव्हती. दोघांचीही उजवी बाजू जिंकली, डावी हरली, आणि संध्याकाळी दोघांनीही विजय सांगितला. कलोडनला, म्हणजे ड्रमॉसी म्यूरवर, जॅकबाइटांची (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांची) हायलँड पद्धतीची धावती चढाई ओल्या जमिनीत अडकली. त्यांची रांग तिरपी होती, डाव्या टोकाला शत्रू जास्त लांब. तेवढं अंतर चिखलातून तोफांच्या माऱ्यात कापायचं. तासाभराच्या आत संपलं. तीनच महिन्यांपूर्वी फॉलकर्क म्यूरवर हेच लोक जिंकले होते, पण तिथे चढावरची वरची बाजू त्यांच्याकडे होती.

अण्णा_फलटणकर:

आणि गुरांचा बाजार?

तलवारबाज:

फॉलकर्क ट्रिस्ट. १७८५ पासून स्टेनहाउसम्यूरला भरायचा, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असा तीनदा. हायलँडमधून काळी गुरं पायी हाकत आणायची, वाटेत रोज दहा-बारा मैल, त्याहून जास्त चालवली तर वजन उतरतं आणि भाव पडतो. हजारो गुरं उभी करायला उघडा म्यूरच लागतो. रेल्वे आली आणि हाकणं संपलं. त्याच नावाचा फुटबॉल क्लब आहे तिथे आता.

संस्कृतानंद:

अवांतर. जॉन म्यूर नावाचे दोघे आहेत, आणि लोक सर्रास एकमेकांत मिसळतात. एक १८३८ चा, डनबारचा, अमेरिकेत जाऊन जंगलरक्षणाचा पुरस्कर्ता झाला, सिएरा क्लब काढला १८९२ मध्ये. दुसरा त्याआधीचा, १८१० चा, ग्लासगोचा, कंपनी सरकारचा अधिकारी आणि संस्कृतचा विद्वान. याने एडिंबरा विद्यापीठात १८६२ मध्ये संस्कृतचं अध्यासन स्थापन केलं. त्याने ख्रिस्ती धर्माच्या बाजूने संस्कृतात ग्रंथ लिहिला तेव्हा त्याला संस्कृतातच उत्तर देणारे पहिले पंडित आपले सुबाजी बापू, भोपाळजवळच्या सीहोरचे. अलाहाबादचं म्यूर कॉलेज मात्र त्याचा भाऊ विल्यम म्यूर याच्या नावाचं.

रानजाई:

अवांतर असलं तरी छान माहिती. आडनाव या शब्दावरूनच आलंय ना?

कोशातला_किडा:

हो, म्यूरजवळ राहणारे ते म्यूर. उलट किरीम्यूर गावाचं नाव म्यूरवरून नाही. ते गेलिक 'कॅरव', म्हणजे चौथाई, यावरून आलंय. आणि गेलिकमध्येही एम-यू-आय-आर असाच लिहिलेला शब्द आहे, अर्थ समुद्र! पश्चिम किनाऱ्यावरच्या नावात तो आला तर माळ लिहून बसू नका. आधी गाव कोणत्या भाषेच्या पट्ट्यात आहे ते बघा. 'म्यूर ऑफ ऑर्ड' स्कॉट्स आहे, त्याचं गेलिक नाव 'अम ब्लार डू', काळा माळ. 'ब्लार'चा गेलिकमध्ये दुसरा अर्थ रणांगण. तलवारबाजांना आवडेल.

पायताण:

भटक्यांसाठी कामाचं. उघड्या म्यूरवर वेळेचा हिशोब पायवाटेसारखा करू नका. नेस्मिथच्या १८९२ च्या नियमाने तीन मैलांना एक तास आणि दोन हजार फूट चढाला वर एक तास. मोलिनियाचे गड्डे असलेल्या जमिनीवर तो साफ कोसळतो, निम्मा वेग धरा. गड्ड्यावर पाय दिला तर घसरतो, दोन गड्ड्यांमध्ये दिला तर मुरगळतो.

रंग वाचायला शिका. उंच हेदर म्हणजे त्यातल्या त्यात कोरडं. पांढरी कापूसबोंडं, म्हणजे कॉटनग्रास, दिसली की ओल. चमकदार पोपटी शेवाळाचा सपाट गालिचा म्हणजे स्फॅग्नम, त्यावर पाय ठेवायचाच नाही. पीट हॅग, म्हणजे धुपून उभ्या राहिलेल्या पीटच्या भिंती, दोन-दोन मीटर उंच असू शकतात. त्यातून सरळ रेषेत जाण्यापेक्षा वरच्या कडेने वळसा स्वस्त पडतो. अलीकडे जळलेला काळा पट्टा चालायला सोपा, पण उरलेल्या काटक्या पोटरी फाडतात. गोचिडीसाठी पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे आणि कमरेला तपासा, लाइम रोग त्यातूनच होतो.

२००३ च्या कायद्याने जबाबदारीने कुठेही चालायचा हक्क आहे, पण १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर ग्राउसचा हंगाम. त्या दिवसांत वाटेवर पाटी असेल तर सांगितलेल्या बाजूने जा. कुत्रा दोरीला.

डोंगरवाटा:

भरभरून मिळालं, सगळ्यांचे आभार. मी असं ठरवतोय: गावांच्या आणि लढायांच्या नावांत 'म्यूर' तसाच. नगराच्या जमिनीसाठी गायरान. झुडपांचं वर्णन असेल तिथे रानजाई यांचं 'झुडपी पठार'. म्यूरबर्न तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा. फक्त एक वाक्य अडलंय: पाहुण्याने 'मोसमापुरता म्यूर घेतला'. शेती करायला?

सर्व्हे_नंबर:

नाही, शिकारीला. इस्टेटीचा तेवढा भाग ग्राउसच्या हंगामासाठी भाड्याने घेतला असा अर्थ. 'शिकारीचं रान घेतलं' लिहा. जमिनीचा ताबा मिळत नाही, फक्त बंदूक चालवायचा हक्क. मेंढ्या त्याच जमिनीवर दुसऱ्याच्या चरत असतात.

पायताण:

आणि ग्राउसला तितर लिहू नका, काही अनुवादांत दिसतं. तितर वेगळा पक्षी, उघड्या पायांचा. ग्राउसच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात.

डोंगरवाटा:

दोन ठिकाणी तितर आहे. बदलतो.